न उघडलेलं हेड

गॅरेजचं बिल ही वाचायची गोष्ट आहे, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मालक शेवटचा आकडा बघतो, कपाळाला आठ्या घालतो, घासाघीस करतो आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबतो. पण टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचं, जाणत्या मिस्त्रीच्या हातचं बिल सावकाश वाचलं तर एका निदानाची सगळी वाटचाल त्यात दिसते. सुरुवात कुठून केली, संशय कशावर घेतला, काय तपासून सोडून दिलं, सगळं. आणि त्यातलं सर्वोत्तम बहुतेक वेळा कागदावर नसतंच. ‘हेड उघडणे’ ही ओळ नसते, ‘पंप उतरवणे’ ही ओळ नसते. मला कौतुक करायचं आहे ते या गाळलेल्या ओळींचं. पण त्या का गाळता आल्या हे कळायला आधी गाडी नीट पाहिली पाहिजे.

आखूड नाक, सरळ उभ्या बाजू, लांबलचक पाठ. ट्रॅव्हलर महाराष्ट्रात कुणी पाहिली नाही असं होत नाही. अष्टविनायकाला निघालेलं कुटुंब, शाळेची मुलं, कारखान्याची शिफ्ट, लग्नाचं वऱ्हाड, रुग्णवाहिका, सगळ्यांना एकच गाडी पुरते. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, ती १९८७ मध्ये रस्त्यावर आणली. तिचा मूळ सांगाडा मर्सिडीजच्या टी-१ या व्हॅनचा. जर्मनीत ती १९७७ मध्ये आली आणि ब्रेमेनच्या कारखान्यात बनायची म्हणून तिला त्या गावाचंच नाव पडलं. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिनही त्याच घराण्याचं आहे: ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर, डिझेल. मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत हेच होतं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने तशी एक मोटार ४६ लाख किलोमीटर पळवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला देऊन टाकली. अर्थात इंजिनं आलटून-पालटून दुरुस्त करत. हा तपशील मला फार आवडतो, कारण गाडी टिकते ती दुरुस्तीमुळे, हे त्यात आपोआप येतं.

या इंजिनाची घडण मिस्त्रीला बोलकी वाटते त्याला कारणं आहेत. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बिडाचं, त्यामुळे थोडं तापलं तर लगेच वाकत नाही. डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी एका छोट्या कोठडीत पेटतं, म्हणून नोजलचा दाब माफक, साधारण ११५ ते १२५ बार. पंप एका ओळीतला, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट. टायमिंगला दुपदरी चेन. हे सगळं झिजतं, पण हळूहळू, आणि झिजताना कळवत राहतं. एकाएकी दगा देणारी गाडी निदानाला वावच ठेवत नाही. ही ठेवते.

निदान सुरू होतं ते पान्याने नव्हे, प्रश्नाने. ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, “मिस्त्री, गाडी ओढत नाही.” या तीन शब्दांत एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, नोजल, पंप, क्लच, जाम झालेला ब्रेक, इंजिनाचं कॉम्प्रेशन असं सारं मावतं. कच्चा मिस्त्री इथेच बॉनेट उघडतो. पक्का मिस्त्री चहा मागवतो आणि विचारतो, “भाऊ, चढालाच ओढत नाही की सपाटीलाही? थंड असताना की तापल्यावर? रेस वाढते का आणि गाडी मागेच राहते?” शेवटच्या प्रश्नाची किमया बघा. इंजिनाची गती वाढते पण गाडीची वाढत नाही, म्हणजे ताकद तयार होते आणि वाटेत हरवते, म्हणजे क्लच. रेसच वाढत नसेल तर ताकद तयारच होत नाही. एका प्रश्नाने गाडीचे दोन भाग पडले आणि अर्धी गाडी संशयातून सुटली. त्याचे पैसे बिलात कुठेही लागत नाहीत.

मग धूर. धुराचे तीन रंग प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतात, काळा म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी किंवा कच्चं डिझेल. इथवर पोपटपंची. खरी नजर रंगाच्या पुढे, वेळेत असते. गाडी बराच वेळ आयडलिंगवर उभी होती आणि रेस दिल्यावर निळा भपका येऊन विरला, तर ऑइल वरून, व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपून साचलं होतं. तोच निळा धूर खंबाटकीच्या चढावर, भरल्या गाडीला, सतत येत असेल तर ऑइल खालून, रिंगांच्या बाजूने वर येतंय. पहिल्याचं काम काही हजारांत आटोपतं, दुसरं इंजिन खोलायला लावून लाखाच्या घरात नेऊ शकतं. पांढऱ्याचंही तसंच. सकाळी थंडीत येणारा, डोळ्यांना झोंबणारा आणि इंजिन तापल्यावर जाणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हीटर प्लग तपासा, स्वस्तात सुटाल. तापल्यावरही न थांबणारी, डोळ्यांना न चुरचुरणारी वाफ मात्र पाण्याची. रंग एकच, आणि डोळ्यातल्या पाण्यावरून खर्चाचा अंदाज.

निळ्या धुराची खात्री करायची तर एक जुनी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं टोपण सैल करायचं आणि तसंच तोंडावर उलटं ठेवून द्यायचं. ते जागच्या जागी थरथरलं तर ठीक. नाचायला लागलं, उडून पडलं, तर पिस्टनच्या कडेने वायू खाली येतोय. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय. यंत्र नाही, मीटर नाही, एक टोपण. ही परीक्षा ज्याने पहिल्यांदा केली त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण हाताशी असलेल्या वस्तूलाच मापक करण्याची ती बुद्धी दाद देण्याजोगी आहे.

आता जरा थांबावं अशी जागा. इंजिन ‘मिसिंग’ मारतंय, म्हणजे चारांपैकी एक सिलिंडर काम करत नाही. कुठला? जुन्या इंजिनावर मिस्त्री १७ नंबरचा पाना घेऊन एकेका नोजलच्या पाइपचं नट किंचित सैल करतो. सैल केलं की त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर सांडतं, तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनाचा आवाज खाली येतो, अडखळतो. पुन्हा आवळलं की सावरतो. एक, दोन, तीन. आणि एका नटाला आवाज बदलतच नाही. जो आधीच काम करत नव्हता त्याला बंद केल्याने काय फरक पडणार? गुन्हेगार सापडला, आणि तो सापडला आवाज न बदलण्यावरून. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला वर्ज्य स्वर जाणवतो तसा हा न झालेला बदल कानाला जाणवावा लागतो.

इथे थांबणारा मिस्त्री चांगला. पुढची चाल करणारा उत्तम. तो त्या सिलिंडरचं नोजल काढतो, पण लगेच नवीन बसवत नाही. शेजारच्या सिलिंडरचं नोजल इथे लावतो आणि इथलं तिथे. पुन्हा इंजिन चालू, पुन्हा नट सैल. दोष नोजलबरोबर शेजारी गेला असेल तर नोजलच खराब. दोष जागीच राहिला असेल तर नोजल निर्दोष. व्हॉल्व्ह, रिंग किंवा पंपाचा एलिमेंट पाहायचा. या अदलाबदलीला एक रुपयाचा सुटा भाग लागत नाही. वेळ जातो तो तासाभराचा. नोजल खराब निघालं तर ते पंपवाल्याकडे टेस्टरवर लावलं जातं. तिथे हँडल दाबल्यावर चांगलं नोजल बारीक कुरकुरत धुक्यासारखं फवारतं, वाईट नोजल मुकाट थेंब गाळतं. पंपवाले ही कुरकुर पाठमोरे असतानाही ओळखतात. गाळलेल्या ओळी म्हणालो त्या इथे बघा: या तासाभराच्या कसरतीने बिलातून पंपाचं कॅलिब्रेशन, हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग हे सगळं वजा झालं असू शकतं.

टॅपेटची गोष्ट त्याहून नाजूक. या इंजिनात व्हॉल्व्हचं अंतर थंड असताना इनटेकला ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर ठेवायचं असतं. ते करायला १४ नंबरचे दोन वाकडे पाने लागतात, कारण एका नटाला धरून दुसरा फिरवायचा आणि जागा अशी की सरळ पाना शिरत नाही. फिलर गेजची पत्ती आत सरकवली की ती ना घट्ट अडकावी ना सैल सरकावी. हलकासा विरोध बोटांना लागला पाहिजे. पत्तीवर माप छापलेलं असतं, पण तो विरोध कुठे छापलेला नसतो. नवशिका पत्ती घट्ट करतो, म्हणजे आवाज बंद होईल आणि मालक खूश. खरं कौशल्य याच्या उलट्या ज्ञानात आहे. जरा टकटक करणारा टॅपेट निरुपद्रवी असतो. घातक असतो तो गप्प बसलेला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वापरात आपल्या बैठकीत हळूहळू खोल बसत जातो, अंतर कमी होत जातं, आवाज थांबतो, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मग तापलेला वायू फटीतून सतत निसटतो, व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उघडायची वेळ येते. म्हणून जाणता माणूस एकदम शांत झालेल्या जुन्या इंजिनाकडे संशयाने बघतो. ‘टॅपेट सेटिंग’ ही बिलातली काही शेकड्यांची ओळ मला म्हणूनच फार मोठी वाटते. तिच्यात न जळलेले चार व्हॉल्व्ह आहेत.

इंजिन गरम होण्याच्या तक्रारीत क्रमाचं सौंदर्य सर्वात उघड दिसतं. वरंधा किंवा आंबेनळी घाटातून वर येताना सुई लाल पट्ट्याकडे गेली की ड्रायव्हरच्या मनात पहिला शब्द येतो ‘गॅस्केट’. मिस्त्रीच्या मनात तो शेवटी येतो. आधी रेडिएटरचं टोपण, कारण त्याची स्प्रिंग सैल झाली की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. मग फॅनचा पट्टा बोटाने दाबून. मग रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे, माती, ऑइलचा थर. त्याला फक्त पाण्याचा फवारा लागतो, तोही इंजिनाच्या बाजूने बाहेर. मग थर्मोस्टॅट. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. या वॉटर बॉडीच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गळू लागलं की तिथून थेंब पडतो. ते भोक म्हणजे गळती नव्हे, गळतीची पूर्वसूचना. काही अर्धवट कारागीर तिथे एम-सील भरतात, थेंब थांबतो, आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंपच खाऊन टाकतं. हे बघितलं की खरंच वाईट वाटतं. कुणी इतक्या विचाराने खिडकी ठेवावी आणि कुणी ती बुजवावी.

थर्मोस्टॅटच्या बाबतीतही माझा एक राग आहे. ‘थर्मल काढून टाकलं, गाडी आता गरम होत नाही’ असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. होतं असं की इंजिन मग आपल्या योग्य तापमानापर्यंत पोचतच नाही, डिझेल जास्त पितं, थंड भिंतींवर ऑइल पातळ होतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही शेकड्यांचा भाग वाचला, आणि इंजिनाचं काम काही वर्षं आधी आलं. चांगला मिस्त्री थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकतो, त्याच्यावर कोरलेल्या अंशाला तो उघडतो का ते पाहतो आणि चालू असेल तर पुन्हा बसवतो.

आणि शेवटी गॅस्केटच असेल, तर त्याची खूणही हेड न उघडता मिळते. सकाळी गार इंजिन चालू केल्या केल्या, पाणी तापायच्या आत, रेडिएटरचा वरचा पाइप हातात धरायचा. मिनिटभरात तो फुगून कडक झाला तर दाब पाण्याचा नाही, सिलिंडरमधल्या वायूचा आहे. पाणी तापलेलं नाही, म्हणजे वाफेचा प्रश्नच नाही. हाताच्या एका मुठीत किती तर्क मावतो! मग हेड उघडलं जातं, लेथवर तपासलं जातं, लागलंच तर फेसिंग होतं. बिडाचं असल्यामुळे जुन्या ट्रॅव्हलरचं हेड पुष्कळदा वाचतं. ड्रायव्हर लाल सुई बघून ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ म्हणाला असेल तर मात्र नाही.

क्लचपाशी आल्यावर हीच काटकसर उलट्या बाजूने काम करते, आणि हा बदल मला रचनेतला सगळ्यात देखणा वाटतो. इथवर मिस्त्री कमीत कमी उघडत होता. आता गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्सला खालून जॅक द्यायचा, बेल हाउसिंगचे बोल्ट एकेक काढायचे. अर्धा ते एक दिवस मजुरीचा. क्लचसेटची किंमत ढोबळमानाने दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे, पण मजुरी अशी की ती दुसऱ्यांदा देण्याची पाळी येता कामा नये. म्हणून तो प्लेट आणि प्रेशर प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग बदलतो, फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग बघतो, क्रँकच्या मागचं ऑइल सील ओलं आहे का ते बोटाने तपासतो, फ्लायव्हीलवर निळे डाग आणि भेगा असतील तर लेथला पाठवतो. मालकाला वाटतं, क्लचच्या नावाखाली चार वस्तू घुसडल्या. प्रत्यक्षात काहीशे रुपयांच्या सीलसाठी सहा महिन्यांनी पुन्हा तोच गिअरबॉक्स उतरवायची वेळ टळलेली असते. कुठे हात आखडायचा आणि कुठे सोडायचा, याचं तारतम्य इथे कळतं.

उतरवण्याआधीचा विचारही ऐकण्यासारखा. पेडल दाबल्यावर किरकिर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर नजर ठेवायची. गिअर पडताना कडकड करतोय, पण पेडल भराभर दोनदा दाबल्यावर गुमान पडतो, तर प्लेट बिचारी निर्दोष. क्लचचा मास्टर किंवा खालचा सिलिंडर दाब सोडतोय, आणि ते काम गिअरबॉक्सला हात न लावता होतं. दोनदा दाबलेल्या एका पेडलने किती मजुरी वाचली ते मोजा.

लांब गाडी, म्हणून शाफ्टही तुकड्यांचा आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. ठरावीक वेगाला, समजा साठ-सत्तरच्या दरम्यान, पायाखालची जमीन गुणगुणते आणि वेग वाढवला की ती गुणगुण जाते, तर इथे पाहायचं. पुढचा गिअर सोडून रिव्हर्स टाकताना खालून ‘टक्’ आला तर जॉइंटचा क्रॉस. दोन्ही कामं हजार-दोन हजारांची. पण शाफ्ट सोडण्याआधी मिस्त्री छिन्नीने दोन्ही तुकड्यांवर एकमेकांसमोर एक बारीक घाव घालतो. पुन्हा जोडताना घावासमोर घाव आलाच पाहिजे. नाहीतर दोन्ही टोकांच्या जॉइंटांची दिशा जुळत नाही, एकाने दिलेला झटका दुसरा परत घेत नाही, आणि नव्या बेअरिंगसकट गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते. ती छिन्नीची खूण तेलाखाली, चिखलाखाली असते. मालकाला ती कधी दिसत नाही. मी गाडीखाली वाकलो की आधी ती शोधतो. एखाद्या शाफ्टवर तीन-चार पिढ्यांच्या खुणा शेजारी शेजारी असतात.

पाटे, बुश, किंगपिन, ब्रेक यांवर लिहावं तेवढं थोडं, पण इथे एकच नजर सांगून पुढे जातो. टायरवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने दातेरी लागलं तर टायर सरळ चालत नाही, फरपटतोय. टो बिघडलाय किंवा कुठेतरी टाय रॉड सैल आहे. मागचा ब्रेक एका बाजूला ओढत असेल तर नवीन लायनर मागवण्याआधी ड्रम काढून हबचं सील बघायचं, कारण ऑइल गळत असेल तर नवे लायनरही आठवड्यात भिजतील.

आता नव्या गाड्या. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, आणि या ट्रॅव्हलरमध्ये २.६ लिटरचं कॉमन रेल इंजिन असतं. दाब दीड हजार बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त. तिथे पाइपचं नट सैल करायला कुणी धजू नये, ती धार कातडी फोडून आत जाते. जुनी परीक्षा संपली, असं वाटतं. संपलेली नाही, तिने रूप बदललंय. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जातं. मिस्त्री त्या चार नळ्या काढून चार सारख्या मापाच्या बाटल्या लटकवतो आणि इंजिन काही मिनिटं चालवतो. ज्या बाटलीत डिझेल भराभर चढतं, तो इंजेक्टर आतून झिजलेला. एकाची किंमत सहज पाच आकड्यांत जाते. चारही बदला म्हणणारा आणि एकच बदला म्हणणारा यांच्यात फरक आहे तो या चार बाटल्यांचा. पूर्वी कानाने न बदललेला आवाज पकडायचा, आता डोळ्याने वेगळी पातळी पकडायची. वंश तोच.

स्कॅनरबद्दल मात्र दोन मतं असू शकतात, आणि माझं जरा कडवट आहे. स्कॅनर लक्षण सांगतो, रोग नव्हे. ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड आला की रेल सेन्सर बदलणारे, मग पंप, मग इंजेक्टर बदलणारे गावोगावी आहेत. त्याच कोडवर चांगला मिस्त्री पहिल्यांदा बॅटरीचं व्होल्टेज बघतो, इंजिनची अर्थिंग पट्टी गंजली आहे का ते बघतो, डिझेल फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या ग्लासात ओततो. तळाशी पाणी वेगळं झालं तर सारं उत्तर ग्लासात. टाकीत पाणी कुठून आलं हा पुढचा प्रश्न, आणि तो पुन्हा चहावर, ड्रायव्हरला विचारायचा. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांत तर प्रश्न विचारल्याशिवाय निदानच नाही. शाळेच्या फेऱ्या, तीन-चार किलोमीटरच्या, थांबत थांबत. एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही, काजळी जळत नाही, फिल्टर भरतो, गाडी ताकद आवळून घेते. अशा गाडीला नवा फिल्टर घातला तरी काही महिन्यांनी पुन्हा तेच. तिला आठवड्यातून एकदा महामार्गावर लांब पळवून आणा, असं सांगणारा मिस्त्री स्वतःचं मोठं बिल स्वतः खोडतो.

बिलाच्या कागदाकडे परत. डाव्या बाजूला सुटे भाग, उजवीकडे मजुरी, लेथचं बिल वेगळं पिन मारलेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी पुष्कळ भागांवर २८ टक्के होता, म्हणजे दर तोच ठेवला तरी डाव्या बाजूचा आकडा थोडा हलका दिसला पाहिजे. दिसत नसेल तर विचारावं. जुने काढलेले भाग खोक्यात घालून परत दिले आहेत का, हेही पाहावं. सचोटीचा मिस्त्री ते न मागता देतो, आणि रसिक मालक ते घरी नेऊन बघतो: प्लेटवर रिवेटच्या वर अस्तर किती उरलं होतं, बेअरिंगचे छर्रे कुठे खडबडीत झाले होते. आपण कशाचे पैसे दिले, ते बोटांना कळतं.

ट्रॅव्हलरवाल्याचा सगळ्यात मोठा खर्च बिलात कधीच येत नाही. गाडी उभी राहिली ते दिवस. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस उभी राहिलेली गाडी बुकिंग परत करायला लावते, दुसऱ्याची गाडी जादा भाड्याने पाठवायला लावते आणि गिऱ्हाईक गमावते. म्हणून चांगल्या मिस्त्रीच्या बिलाखाली पेन्सिलने दोन ओळी असतात. सेंटर बेअरिंगचं रबर फुटायला आलंय, पितृपक्षात बदला. क्लच अजून चार-पाच हजार किलोमीटर जाईल, घाट टाळा. लग्नं नाहीत, सहली नाहीत, भाडी मंद असतात, त्या पंधरवड्यात गाडी दोन दिवस सोडता येते, हे त्याने हिशेबात धरलेलं असतं. या दोन ओळींची मजुरी तो लावत नाही.